यंदा फेरी नाही

ता. ९ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार, खुशाली, सगळं तुमच्या मनाने भरून घ्या. मला लिहायला वेळ लागतो आणि आधी कामाचं सांगायचंय. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन बैठकीत आहे आणि तुमच्या दादांचे कान हल्ली मांजराचे झालेत. कान वाढलेत कारण डोळे गेलेत. हेच ते काम.

गेलेत म्हणजे सगळे नाहीत. मधलं गेलंय. कडेचं दिसतं. कुंपण दिसतं, झाड दिसतं, ताटाची कड दिसते, ताटातलं दिसत नाही. माझ्याकडे बघायचं झालं की मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघतात. आधी मला वाटलं, इतकी वर्षं संसार झाला, आता तोंड बघवत नसेल. मग एकदा दारामागच्या खुंटीवर माझा रेनकोट टांगला होता, त्याला म्हणाले, "अगं, चहा टाक की." रेनकोट काय टाकणार, कपाळ?

एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, नंबर बदललाय. मी बाजाराची पिशवी घेऊन निघाले ती सरळ त्याच डॉक्टरच्या दारात. तो म्हणाला, "बाई, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. बरा व्हायचा नाही, वाढेल. गाडी चालवायची नाही हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय." घरी येऊन तोंडावर विचारलं. तर म्हणाले, "त्याला त्याचं दुकान चालवायचंय," आणि गेले शेडमध्ये.

शेडचं तर तुम्हाला माहीतच आहे. मामंजींनी एक लॉरी ठेवली होती मागे, यांनी त्याचा गोठा केला. आता आठ झाल्यात. कोण कुठे मोडीत काढतंय कळलं की हे निघाले. प्रत्येकीला नाव: नकटी, हत्ती, रडकी, आणि सगळ्यांच्या पुढे मामंजींची म्हातारी. मार्चच्या पहिल्या रविवारी आपला मेळा. लांबलांबचे लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन येतात, तिकिटाचा पैसा बहिऱ्या मुलांच्या शाळेला जातो, आणि शेवटी खालच्या रानात गाड्यांची फेरी निघते. पुढे म्हातारी, तिच्यात हे. दुसरं कुणी तिला हात लावत नाही.

आता डोकं चालवा. फेरीच्या कडेला कोण उभं असतं? त्या शाळेची पोरं. त्यांना हॉर्न ऐकू येत नाही. चालवणाऱ्याला पोरं दिसत नाहीत. मला आणखी लिहायला लावू नका.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. या आणि थांबवा.

तुमची वहिनी

*

ता. १८ जानेवारी

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाले. वाचून काळजी वाटली, पण खरे सांगू का, थोडे हसूही आले. राग मानू नका. तुमचे आणि त्या लॉऱ्यांचे कधी पटले आहे? तुम्हीच मागे म्हणाला होतात की घरात सवत परवडली, ती निदान ऑइल गळत नाही. हत्ती आणला तेव्हा तुम्ही माहेरी निघून गेला होतात आणि दादाला शेडमध्येच भाकरी खावी लागली होती. तेव्हा दादाने गाडीला हात लावू नये असे तुम्ही म्हणता, यात नवीन काय?

पन्नाशीनंतर नजर थोडी मंदावतेच. माझीही मंदावली आहे. डॉक्टर मंडळी जरा वाढवून सांगतात. दादा लहानपणापासून त्या स्टिअरिंगला चिकटलेला आहे. बाबा गेले तेव्हा मला बाजूच्या सीटवर बसवून त्यानेच भाडी मारली आणि घर चालवले. मला गाडी शिकवली ती त्यानेच. आज मी बससेवेत चालकांच्या परीक्षा घेतो, ते त्याच्याच जिवावर. अशा माणसाला मी काय सांगणार?

गार पाण्याने डोळे धुवायला सांगा. तुमच्या जाऊबाईंचा नमस्कार.

आपला,
भाऊजी

*

ता. २३ जानेवारी

भाऊजी,

गार पाणी पोचलं. त्यात तुम्हीच तोंड धुवा.

सवत म्हणाले होते, आजही म्हणेन. रडकीने माझ्या धुतलेल्या चादरींवर गंजकं पाणी उडवलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण सवतीला शिव्या घालणारी बाई नवऱ्याच्या डोळ्यांबद्दल खोटं बोलेल, असं तुम्हाला वाटलं तरी कसं? लांडगा आला रे म्हणून मी पूर्वी ओरडलेही असेन, पण आता लांडगा चौकटीत उभा आहे.

तुम्ही परीक्षा घेता ना? रोज परक्यांच्या पोरांना नापास करून घरी पाठवता, त्यांच्या बायका तुमच्या नावाने बोटं मोडत असतील. आता एकदा सख्ख्या भावाला करा. या, त्यांच्या शेजारी बसा, रानातून एक चक्कर मारा आणि खरं काय ते सांगा. पाहुणा म्हणून या, परीक्षा आहे हे त्यांना कळू देऊ नका. अंथरूण घातलेलं असेल.

वहिनी

*

ता. ६ फेब्रुवारी

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचलो. दोन दिवस तुम्ही माझी फार सरबराई केली. निघताना तुम्ही फाटकाशी माझ्याकडे बघत होतात आणि मी काही बोललो नाही. दादा शेजारीच उभा होता, म्हणून आता लिहितो.

वहिनी, दादा पास आहे. मी मुद्दाम बारकाईने बघितले. म्हातारीला हँडल मारले ते पहिल्याच झटक्यात. गिअर टाकताना एवढासुद्धा खडखडाट नाही. आजकालच्या पोरांना त्या जुन्या गिअरबॉक्सवर बसवले तर दात पाडून घेतील. शेडमधून बाहेर, विहिरीला वळसा, खालच्या रानाची पूर्ण चक्कर, आणि परत आत, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. माझ्या हाताखाली असे चार चालक असते तर मी निवांत निवृत्त झालो असतो.

जेवताना ताटात चाचपडतो, हे मान्य. पण गाडीत बसला की तो जुना दादाच. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. मेळा होऊ द्या.

आपला,
भाऊजी

*

ता. १० फेब्रुवारी

भाऊजी,

मोठे परीक्षक. रान त्यांना पाठ आहे हो! विहीर कुठे, बांध कुठे, वळायचं कुठे, हे झोपेत चालवतील. कडा दिसतात आणि बाकीचं आठवतं, त्यावर चाललंय. विहीर जागची हलत नाही. पोरं हलतात.

तुम्ही गेल्यावर मी माझी परीक्षा घेतली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढी अक्कल मला आहे. हे सकाळी म्हातारीला फिरवून आणतात, इंजिन मोकळं राहायला. त्या वाटेवर, बरोब्बर मधोमध, माझी पिवळी बादली ठेवली. पिवळी, भाऊजी. आंधळ्यालाही टोचेल अशी. आणि मी विहिरीपाशी उभी राहिले. गाडी आली तशीच गेली. हळू झाली नाही, वळली नाही. बादलीची चपाती झाली. उतरल्यावर म्हणाले, "खाली काहीतरी वाजलं बघ. मिस्त्रीला सांगायला हवं, सायलेन्सर सैल झालाय."

मी बादली उचलली आणि लाकडांच्या मागे टाकली.  

आता तुम्ही खरं सांगा. त्या चकरेत तुम्हाला काहीच दिसलं नाही? की दिसलं आणि गिळलंत? तुम्ही जेवताना मान वर केली नव्हती, ते मी बघितलंय. मला ताटातलंही दिसतं आणि ताटाबाहेरचंही.

वहिनी

*

ता. १७ फेब्रुवारी

वहिनी,

दिसले होते.

खालच्या रानाच्या वळणावर तुमचा मिस्त्री पान्हा शोधत वाकला होता, वाटेतच. मला लांबून दिसला. दादा वेग कमी करेल म्हणून वाट पाहिली. नाही केला. मी "दादा, मिस्त्री!" म्हणून ओरडलो तेव्हा ब्रेक लागला. मिस्त्री हसत बाजूला झाला, त्याला वाटले मालकांनी थट्टा केली. दादाही हसला. मीही हसलो. तिघेही हसलो आणि पुढे गेलो.

दुसरा कुणी असता तर मी तिथेच उतरायला लावले असते. त्याला म्हणता आले नाही. बाबांच्या गाडीत, त्याच सीटवर, मी पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो, आणि दहा वर्षांचा मुलगा मोठ्या भावाला काय नापास करणार? तुम्हाला खोटे लिहिले. तुमच्याशी खोटे बोलणे सोपे नाही, पण त्याच्याशी खरे बोलण्यापेक्षा सोपे वाटले.

आता तोंडाने नाही तर कागदावर बोलतो. या पत्राबरोबरच दादाच्या नावे वेगळे पाकीट टाकले आहे. त्यात सगळे स्पष्ट लिहिले आहे: मिस्त्रीचे, डॉक्टरांचे, शाळेच्या मुलांचे. मी त्याला हात जोडून विनंती केली आहे की यंदा फेरीत त्याने चालवू नये. तुमचे नाव कुठे घेतलेले नाही.

आपला,
भाऊजी

*

ता. २४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पाकीट आलं. मीच हातात दिलं. म्हटलं, भाऊजींचं आहे. यांनी ते उलटंसुलटं केलं, दिव्याकडे धरलं, आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "शेडमध्ये निवांत वाचतो."

संध्याकाळी विचारलं, काय म्हणतायत भाऊजी?

"बरे आहेत सगळे. मेळ्याला येतो म्हणालाय. तुझ्या जेवणाची लई तारीफ केलीय."

पाकीट तसंच चिकटलेलं होतं, फोडलंसुद्धा नव्हतं. मी म्हणणार होते, द्या इकडे, मी वाचून दाखवते. तोंडाशी आलं होतं. पण ते एवढं आनंदाने सांगत होते, भाऊ येणार, भाऊ म्हातारीत शेजारी बसणार, यंदा रडकीलाही फेरीत घेऊ. काय सांगू तुम्हाला. मी ज्या जिभेला आयुष्यात लगाम घातला नाही, ती मेली त्या वेळी टाळूला चिकटली.

तुमच्या घराण्यात सगळे असेच का हो? एकाला दिसत नाही ते सांगत नाही, दुसऱ्याला दिसतं ते सांगत नाही.

आता एकच राहिलं. तुम्ही खरंच या. मेळ्याच्या सकाळी उभे राहा त्यांच्यासमोर आणि किल्ली मागा. मी तुमच्या पाठीशी उभी राहीन, हवं तर पुढे उभी राहीन.

वहिनी

*

ता. १ मार्च

वहिनी,

घाईत लिहितो, उद्याच्या टपालात पडले पाहिजे. या रविवारी नव्या चालकांची तुकडी परीक्षेला लावली आहे, मला सुट्टी मिळत नाही. वरिष्ठांशी बोलून पाहिले. फार वाईट वाटते. फेरीच्या कडेचा दोर जरा लांब बांधा आणि मुलांना मागच्या रांगेत उभे करा. शाळेच्या बाईंना आधी सांगून ठेवा. सगळे नीट होईल.

भाऊजी

*

ता. १० मार्च

भाऊजी,

रविवारी परीक्षा! बरं. माझ्या वडिलांनीही असंच एकदा कुणाच्या तरी बारशाला जायला नको म्हणून म्हशीचं पोट दुखवलं होतं.

तर ऐका, तुमच्यावाचून काय झालं ते.

शनिवारी दुपारी मी लसणाला पाणी द्यायला गेले. लसूण कुठे लावलाय, तर खालच्या रानाच्या वरच्या अंगाला. मोटर चालू केली, पाट सोडला आणि घरात आले. पाहुण्यांची अंथरुणं काढायची होती, भांडी मोजायची होती, शाळेच्या बाईंचा माणूस खुर्च्या घेऊन आला. मोटर राहिली चालूच. लसूण पिऊन पिऊन थकला आणि पाणी उतरलं खाली. संध्याकाळी मिस्त्री बोंबलत आला, "वहिनी, रानाचं तळं झालंय!"

झालंच होतं. चिखल असा की माझ्या एका पायातली चप्पल मागेच राहिली. मिस्त्रीने कुदळीचा दांडा खुपसून बघितला आणि म्हणाला, "मालक, म्हातारी इथे घातली तर बाहेर काढायला हत्ती लागेल, आणि हत्तीला काढायला देव."

हे बांधावर उभे होते.  ओरडतील, शिव्या घालतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. उलट उत्तरं तयार होती, एकाहून एक. एकही वापरायला मिळालं नाही. फक्त म्हणाले, "मोटर बंद केलीस का आता?" आणि घरात जाऊन पाठ टेकली.

सकाळी लोक आले. बाहेरच्या गाड्या रस्त्याच्या कडेने लावल्या. फेरी कधी, फेरी कधी, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मग मीच टेबलावर चढले. कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हटलं, यंदा फेरी नाही. रानात पाणी आहे. यंदा गाड्या उभ्या राहतील आणि तुम्ही फिराल. चालायला लाज वाटते का? तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. लोक हसले. हसले म्हणजे राहिले.

आपल्या आठही गाड्या अंगणात खडीवर रांगेने, इंजिनं चालू. यांना मी म्हटलं, तुम्ही म्हातारीत बसा, नाहीतर तिच्यात कुणीतरी पोरगं शिरून गिअर ओढेल. बसले. चेहरा असा, की मयताला आलेत.

मग ती शाळेची पोरं आली. दरवर्षी दोराच्या पलीकडे उभी असायची, गाड्या समोरून जायच्या, पोरं हात हलवायची, झालं. यंदा दोरच नव्हता. एक मुलगी, दोन वेण्यांची, पुढे आली आणि तिने म्हातारीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. आणि तिने असं तोंड केलं, भाऊजी, की चटकाच बसला असावा. मी धावले. चटका नव्हता. इंजिन हाताला लागत होतं. ती धडधड हातातून तिच्या अंगात जात होती. तिने बाकीच्यांना हाताने खुणावलं आणि सगळी पोरं गाडीला चिकटली, मडगार्डला, दाराला, पायरीला. एकाने तर गालच टेकवला, तेलकट झाला तरी हलेना.

यांना आधी कळेना, गाडीला काय होतंय. मी दारातून सांगितलं, पोरं हात लावून ऐकतायत.  मग रेस दिली. पोरं दचकली, हसली. मग हळूच रेस कमी केली, अगदी बंद पडेल एवढी, पोरं श्वास धरून. आणि पुन्हा दिली. असं चाललं होतं, एखाद्याने तान घ्यावी तसं. दुसऱ्या गाडीवाल्यांनी बघितलं आणि तेही तसंच करायला लागले. रडकीने तेवढं पाणी उडवलं एका मास्तराच्या पँटीवर. तिचं काही व्हायचं नाही.

जेवायलासुद्धा उतरले नाहीत. ताट मी केबिनमध्ये दिलं.

आता तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे विचारायला नको. हो, मोटर मीच चालू ठेवली. विसरले नव्हते. तुम्ही येत नाही म्हटल्यावर माझ्याकडे एवढंच होतं. यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्यांना वाटू दे, बायको वेंधळी झालीय. वेंधळी परवडली.

वहिनी

*

ता. २१ मार्च

(भाऊजी, हे पत्र तुमच्या दादांचं आहे. ते सांगतायत, मी लिहितेय. तोंड त्यांचं, हात माझा. कालच म्हणाले, "माझ्याच्याने आता लिहिणं व्हायचं नाही, तू लिही." एवढंच म्हणाले. शब्द त्यांचेच ठेवते.)

अरे बाळ्या,

तुझं पत्र वाचलं. म्हणजे हिने वाचून दाखवलं, काल. इतके दिवस खिशात होतं. तुझ्या वहिनीला मी सांगितलं होतं की तू येतोयस, आणि तू आला नाहीस, तर तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हाच समजलो की हिला सगळं माहीत आहे. हिचं गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते तुला कळायचं नाही.

मिस्त्रीचं तू लिहिलंस ते खरं आहे. मला तो दिसला नव्हता. तू ओरडलास म्हणून थांबलो आणि मग हसलो. तुझ्यासमोर हसायला लागलं याचीच लाज वाटत राहिली. तू मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुला दोन वाजवल्या असत्या, आणि संध्याकाळी तुझंच ऐकलं असतं. पुढच्या वेळी तोंडावर सांग. मी मोठा आहे, पण काचेचा नाही.

म्हातारी आता मी चालवणार नाही. मिस्त्रीला हँडल मारायला शिकवतोय. हात मोडून घेईल असं दिसतंय. गाडीत बसायचं मात्र मी सोडणार नाही, इंजिन चालू करून. पोरांना मेळ्यापुरतं नको, महिन्यातून एकदा आणा असं शाळेच्या बाईंना कळवलंय. त्या हो म्हणाल्या.

आता एक गोष्ट तुझ्यामाझ्यात. पाणी तुझ्या वहिनीने मुद्दाम सोडलं होतं. ही बाई दुसऱ्याच्या घरी गेली तरी त्यांचे नळ घट्ट बंद करून येते. वाण्याच्या दुकानातला पंखासुद्धा बंद करते. ती मोटर विसरेल? मी बांधावर उभा होतो, पायाला गार लागलं आणि लगेच कळलं. आधी संतापलो. मग म्हटलं, हिने लावलेला लसूण बुडवला माझ्यासाठी. रात्रभर यावर विचार केला आणि गप्प बसलो. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिला वाटू दे, म्हातारा फसला.

(भाऊजी, मी हे लिहिलं आहे. एक शब्द गाळला नाही. लेखणी थांबली तर म्हणाले, "काय झालं, शाई संपली?" मी म्हटलं, नाही, तुम्ही फार भरभर सांगता.)

सुट्टी काढून ये. परीक्षा असली तरी ये.

(सांगून झाल्यावर म्हणाले, "आता सगळं एकदा वाचून दाखव, काही चुकलं असेल तर." मी पहिल्यापासून वाचलं. पाण्याचंही वाचलं, जसं आहे तसं, मोठ्याने.  मग म्हणाले, "बरोबर आहे. सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेव." ठेवलं. खालची वाकडी सही त्यांची आहे.)

दादा